सुप्रभातच्या पुढे: साठी उलटलेल्यांनी फोनवर स्वतःचं काही मांडायची रीत

साताऱ्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रात दर गुरुवारी मी फोनचा वर्ग घेते. माझी सगळी नोकरी दूरध्वनी खात्यात ऑपरेटर म्हणून झाली, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं नीट पोचलं पाहिजे याची तळमळ अंगात मुरलेली आहे. वर्गाला येणाऱ्या बहुतेकांना व्हॉट्सॲप चालवता येतं. सकाळी फुलांचं चित्र येतं, ते पुढच्या चार गटांत जातं. दुपारी कुणाचं तरी भाषण येतं, तेही जातं. दिवसभर फोन हातात असतो आणि त्यात स्वतःचं एक वाक्य नसतं. ते एक वाक्य, एक फोटो, आपल्या आवाजातलं एक मिनिट कसं मांडायचं, ते मी इथे सांगणार आहे.

मला ते इतकं महत्त्वाचं का वाटतं? म्हातारपणाचं जे चित्र लोकांसमोर जातं ते बहुतेक दुसऱ्यांनी काढलेलं असतं. जाहिरातीत गुडघा धरून बसलेले आजोबा, रीलमध्ये सुनेला टोमणे मारणारी सासू. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात बेका लेव्ही नावाच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी या विषयाला आयुष्य वाहिलं आहे. फेसबुकवर म्हाताऱ्या माणसांविषयी लोकांनी काढलेले ८४ गट त्यांच्या चमूने तपासले. एक गट सोडला तर बाकी सगळ्यांत म्हाताऱ्यांविषयी वाईटच लिहिलेलं सापडलं. गट काढणारे सरासरी विशीतले होते. त्याच लेव्ही बाईंचा २००२ सालचा अभ्यास आहे, ओहायो राज्यातल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० माणसांचा. स्वतःच्या वाढत्या वयाकडे जे चांगल्या नजरेने बघत होते, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेलं चित्र आपण आपल्या मनात टांगून ठेवलं, तर त्याची किंमत आपल्याच आयुष्यातून वजा होते. या कारणासाठी मी वर्गात फॉरवर्ड कसं करायचं हे शिकवत नाही.

आधी फोन आपल्या मापाचा करा

अक्षरं बारीक दिसतात म्हणून कित्येक जण लिहायचं टाळतात आणि म्हणतात, आता डोळे गेले. फोनच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडा. तिथे फॉन्ट साइझ मिळेल. फोनच्या कंपनीप्रमाणे नाव थोडं वेगळं असतं. पट्टी उजवीकडे सरकवा. नेहमीचा चष्मा लावून, कपाळाला आठ्या न पाडता वाचता आलं की थांबा. त्याहून मोठं केलं तर काही बटणं पडद्याखाली जातात आणि मग ती सापडत नाहीत.

मग मराठी. जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेल तर लिहायला घेतल्यावर कीबोर्डच्या वरच्या पट्टीत दातेरी चाकाची खूण दिसते. ती दाबून लँग्वेजेस, मग ॲड कीबोर्ड, मग मराठी. बोट थरथरत असेल, सांधे दुखत असतील तर बोलून लिहा. इथे वर्गात सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचा. व्हॉट्सॲपवर दोन माइक असतात. लिहायच्या चौकटीच्या उजवीकडे जो गोल माइक आहे, तो दाबून धरलात तर तुमचा आवाज जसाच्या तसा पलीकडे जातो. कीबोर्डच्या पट्टीतला छोटा माइक दाबलात तर तुम्ही बोलता ते अक्षरांत उमटतं. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण कुठला कशाला ते बोटाला एकदा कळलं पाहिजे.

बोलून लिहिताना पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. एक वाक्य बोला, थांबा, वाचा, मग पुढचं. माणसांची आणि गावांची नावं फोन हमखास चुकवतो. गावाकडचे शब्दही तो कधीकधी बदलून पुस्तकी करून टाकतो. ते हाताने परत आपल्यासारखे करा. आपली बोली फोनच्या सोयीसाठी सोडू नका, ती ऐकायलाच नातवंडं आपल्याकडे येतात.

पहिलं पाऊल स्टेटसवर

पहिल्याच दिवशी फेसबुकवर जाऊ नका. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांनी आपोआप निघून जातं, त्यामुळे मन धजतं. ते कुणाला दिसावं हेही आपल्या हातात असतं: सेटिंग्ज, प्रायव्हसी, स्टेटस, आणि तिथे 'ओन्ली शेअर विथ' निवडून पाच-सहा जवळची माणसं घ्या. आठवडा-दोन आठवडे एवढ्यांसाठीच लिहा.

निरोप पाठवल्यावर चूक दिसली तर घाबरायचं कारण नाही. पंधरा मिनिटांच्या आत तो दुरुस्त करता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांकडून पुसता येतो. त्या निरोपावर बोट दाबून धरा, दोन्ही पर्याय दिसतील. हे एकदा करून बघितलं की भीड निम्मी होते.

फेसबुकवर जाल तेव्हा लिहिण्याआधी नावाखालची छोटी खूण बघा. तिथे फ्रेंड्स आहे की पब्लिक आहे ते कळतं. पब्लिक म्हणजे जगातल्या कुणालाही.

काय लिहायचं

खरी अडचण इथेच आहे. वर्गात विचारलं की उत्तर येतं, "आमच्याकडे काय आहे सांगण्यासारखं?" आणि लिहायला लागले की पहिलं वाक्य असतं, "आम्हा म्हाताऱ्यांना काय कळतंय, तरी पण…" माझा एकच कडक नियम आहे. ते वाक्य खोडायचं. ना "आता आमचं काय राहिलंय", ना "चुकलं तर लहान समजून माफ करा". दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करा. दुसरं वाक्य जवळजवळ नेहमी चांगलं असतं.

विषय हातातला घ्या. आमच्याकडच्या एक काकू गप्पच बसायच्या. त्यांना विचारलं, काल काय केलंत? म्हणाल्या, भाकऱ्या केल्या, पण पिठाची विरी गेली होती. बसलेल्या दोघी-तिघींनी मान हलवली, पण मी म्हटलं, हे तुमच्या भाचीला माहीत आहे का? पुढच्या गुरुवारी त्यांनी दीड मिनिटाचा व्हिडिओ आणला. चेहरा दाखवायचा नव्हता म्हणून फक्त हात आणि परात. ज्वारी दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते, थापताना भाकरीच्या कडा चिरतात, मग कढत पाणी ओतून पीठ जरा झाकून ठेवायचं आणि कोमट झाल्यावर मळायचं. एवढंच. पुण्याहून, बंगळुरूहून सुनाभाच्यांचे प्रश्न आले: पाणी किती कढत, पीठ फ्रिजमध्ये ठेवलं तर चालतं का, बाजरीलाही असंच का. काकू एकेकीला आवाजात उत्तर देत बसल्या. आता त्यांना कुणी बोला म्हणावं लागत नाही.

दुसरे एक गृहस्थ नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते. कास तलावाचं पाणी साताऱ्यात पंपाविना, नुसत्या उताराने येतं, हे गावातल्या निम्म्या तरुणांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तीन भागांत लिहिलं: पाणी कुठून वळतं, कुठे साचतं, कोणत्या पेठेत आधी का पोचतं. तिसऱ्या भागाखाली एका मुलाने त्यांची चूक दाखवली, एक व्हॉल्व्ह आता बदलला आहे म्हणून. दोघे जाऊन बघून आले आणि चौथा भाग झाला.

"आमच्या काळी" म्हणायला माझी हरकत नाही, पण त्याच्यापुढे तपशील हवा. "आमच्या काळी माणुसकी होती" यातून ऐकणाऱ्याला काही मिळत नाही आणि आताच्या पोरांना उगाच बोल लागतो. आपल्याला वयावरून कुणी हिणवू नये असं वाटत असेल तर आपणही त्यांना त्यांच्या वयावरून हिणवू नये. मी स्वतः लिहिते तेव्हा ट्रंक कॉलचे, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घ्यायच्या परगावच्या फोनचे, दर सांगते: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग, त्यात अर्जंट दुप्पट आणि लाइटनिंग आठपट. मग विचारते, आठपट पैसे मोजून तुम्ही आज कुणाशी बोलाल? त्या प्रश्नाखाली विशीतल्या मुलांनी फार मनापासून लिहिलं.

आणि आजचंही लिहा, हे मी हात जोडून सांगते. आपण सगळे आठवणींचे कोठारी होऊन बसलो तर लोकांना वाटणार की हे जगून झालेलं आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा जिना चढलात, लिहा. पेटी शिकायला लागलात, बिघडलेल्या सुरासकट टाका. पोवई नाक्यावर रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ मिळत नाही, तर तिथला व्हिडिओ काढून नगरसेवकाला पाठवा. म्हातारा माणूस नागरिक आहे, मत देतो, चिडतो, नवं शिकतो, हे दिसलं पाहिजे.

ज्यांचं खूप गाजलं त्यांच्याकडे बघून बिचकू नका. २०२० च्या जुलैमध्ये पुण्यातल्या शांताबाई पवारांचा रस्त्यावर लाठीकाठी फिरवतानाचा व्हिडिओ देशभर गेला. वय ८५. लोकांनी तोंडात बोटं घातली. पण लॉकडाउनमध्ये पोट भरायला त्या रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि ती कला त्यांच्या हातात लहानपणापासून होती. नुसतं "या वयात बघा!" म्हणून टाळ्या वाजवल्या की हे दोन्ही मागे पडतं. मला जास्त जवळचं उदाहरण वाटतं ते नगरजवळच्या सुमन धामणे यांचं. सत्तरीत त्यांनी नातवाबरोबर 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनल सुरू केलं. नातवाने पावभाजी कशी करतात ते यूट्यूबवर दाखवलं आणि त्या म्हणाल्या, यापेक्षा चांगली मी करते. लोक तिथे मसाला शिकायला जातात. वय विसरून कामाकडे बघायला लावणं, हेच मला हवं आहे, आणि ते एका भाकरीच्या व्हिडिओनेही होतं.

फोटो आणि वय

लेन्स आधी सुती कापडाने पुसा; पदराचा आणि हळदीचा डाग तिथेच असतो. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. स्टेटससाठी फोन उभा धरा, यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओसाठी आडवा.

कॅमेऱ्यात ब्यूटी किंवा स्मूथ असं काही चालू असेल तर बंद करा. काही फोनमध्ये ते विकत घेतल्यापासूनच चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. सुरकुत्या पुसलेला चेहरा बघून आपलीच बहीण विचारते, हा फोटो कधीचा? सत्तरीचा चेहरा सत्तरीचा दिसू द्या. लोकांना तो बघायची सवय नाही, ती आपणच लावायची.

वय मोकळेपणाने सांगा. "मी ७१ वर्षांची आहे" म्हणायला काही लागत नाही. पूर्ण जन्मतारीख मात्र प्रोफाइलवरून लपवा. बँका आणि पेन्शनची कामं जन्मतारखेवर ओळख पटवतात, म्हणून ती चोरांच्या कामाची असते.

लोक काय म्हणतील

"किती क्यूट आजी!" असं हमखास येतं. भावना चांगली असते, पण त्यात आपल्याला बाळ केलेलं असतं. रागावू नका, विषयावर आणा: "आभार बाळा. करून बघितलीस का भाकरी? कडा चिरल्या का?" दोन-तीनदा असं केलं की माणसं क्यूट सोडून प्रश्न विचारायला लागतात.

"या वयात हे शोभतं का?" असंही येतं, आणि ते परक्यांपेक्षा ओळखीचे जास्त लिहितात. एकदाच उत्तर द्या, "हो, मला आवडतं." पुन्हा आलं तर कॉमेंटवर बोट दाबून धरून ती पुसा. घाण लिहिणाऱ्याला ब्लॉक करा. तुमच्या ओट्यावर कुणाला बसू द्यायचं ते तुम्ही ठरवायचं असतं.

घरच्यांची हरकत असेल तर बसून विचारा, तुला भीती नेमकी कशाची? पैशाची, फसवणुकीची असेल तर ऐका, ती बरोबर असते. नुसती लाज असेल तर तसं बोलून घ्या. आणि उलट बाजूनेही एक: नातवंडांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय टाकू नका. शाळेचा गणवेश, शाळेचं नाव दिसणारा फोटो तर मुळीच नको.

सावधगिरी

ऑपरेटर म्हणून आमची पहिली सवय होती, कोण बोलतंय ते आधी पक्कं करायचं. तीच ठेवा. ओळखीच्या माणसाचा फोटो लावून कुणी पैसे मागितले तर तो निरोप तिथेच ठेवा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर त्या माणसाला फोन लावा. अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल, जिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, ती उघडायची नाही. पेन्शनचा हयातीचा दाखला करून देतो म्हणून फोनवर ओटीपी मागणारा चोरच. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशात कुणी "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलं आहे" म्हणाला तर फोन ठेवा. असा कुठलाही प्रकार आपल्या कायद्यात नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हेच सांगितलं होतं.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे, तिथे सहा आकडी पिन लावून घ्या. प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स उघडून अनोळखी माणसं आपल्याला गटात ओढणार नाहीत असं करा. गावाला निघाल्याचे फोटो परत आल्यावर टाका.

तरीही कुणी फसलंच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी नंबरवर लगेच, त्याच तासात फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी लोक गप्प बसतात, कारण पोरं फोन काढून घेतील ही धास्ती. मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी आहे. तिशीतले इंजिनिअरही फसतात आणि त्यांचा फोन कुणी काढून घेत नाही. आईवडिलांना आजच सांगून ठेवा की काहीही झालं तरी फोन तुमचाच राहील, फक्त आम्हाला लगेच सांगा. शिकवताना त्यांच्या हातातून फोन घेऊ नका. तुमचं बोट चाललं तर शिकलात तुम्हीच.

गटात कुणी गेल्याची बातमी येते तेव्हा

आमच्या वयाच्या गटांत हे वरचेवर येतं. मग हात जोडलेली चित्रं आणि ॐ शांतीची रांग लागते, आणि त्या घरच्यांना चाळीस निरोपांत एकही वाचावा असा मिळत नाही. मी वर्गात याचा सराव घेते. गेलेल्या माणसाविषयी तुम्हालाच माहीत असलेली एक गोष्ट दोन वाक्यांत लिहा. "अण्णा बसमध्ये कंडक्टर असताना कॉलेजच्या मुलींसाठी गाडी दोन मिनिटं थांबवायचे." असं काही. हे निरोप घरातली मुलं जपून ठेवतात, कारण वडिलांचा हा भाग त्यांना माहीतच नसतो. आणि माणूस असतानाच लिहिता आलं तर फारच छान; वाढदिवसाला केकचं चित्र पाठवण्याऐवजी हेच पाठवा.

आपल्यामागे आपल्या खात्याचं काय, हेही ठरवून टाका. फेसबुकवर लेगसी कॉन्टॅक्ट म्हणून एका विश्वासाच्या माणसाचं नाव देता येतं, तो नंतर आपलं पान सांभाळतो. पाच मिनिटांचं काम आहे. मुलांसमोर बसून करा, बोलणंही होऊन जातं.

तुमच्या गावी वर्ग काढायचा असेल तर आमचा क्रम घ्या. पहिल्या गुरुवारी अक्षरांचा आकार आणि दोन माइक. दुसऱ्या गुरुवारी पाच माणसांपुरतं स्टेटस. तिसऱ्या गुरुवारी सावधगिरी, आणि १९३० सगळ्यांनी स्वतःच्या बोटाने फोनमध्ये साठवायचा. चौथ्यापासून दर वेळी प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी आणायचं, फॉरवर्ड चालणार नाही. दोघादोघांच्या जोड्या लावा, एक जण थोडा पुढे गेलेला, एक नवा. येताना चार्जर, चष्मा आणि वही घेऊन या. वहीत पायऱ्या लिहा; पासवर्ड मात्र घरच्या कपाटातल्या डायरीत, पिशवीतल्या वहीत नको.